माझ्या धाकट्या जावेची झोप

शेवंती आमच्या घरी नांदायला आली तेव्हा चौदा वर्षांची होती. कल्याणला आगगाडी येऊन वीसेक वर्षं झाली होती, पण आमचं गाव तिथून चार कोस आत, मलंगगडाच्या बाजूला. ती ठाण्याच्या खाडीकाठची, मिठागरातली. अंगण असं सारवायची की कोंबडीचा पाय घसरावा. कामाला चोख, बोलायला कमी.

एकच खोड. रात्री दचकून उठायची, कडी काढायची नि उंबऱ्यात बसून कान देऊन ऐकायची. आत आणून निजवली तरी डोळे टक्क उघडे. सासूच्या कानी हे मीच घातलं. वाटलं, पोरीला चार दिवस माहेरी पाठवील. सासूने भगत बोलावला.

भगताने दोन महिने ती कुठल्या तिथीला कधी उठते ते मोजायला लावलं, नि मेळ दिसला तशी मीही घाबरले. अवसेला बरोबर मध्यरात्री उठते. पुनवेलाही मध्यरात्री. पुढच्या तिथींना थोडी थोडी उशिरा, अष्टमीला पार उजाडताना. मग चार-पाच रात्री ढाराढूर.

"अजून काय पुरावा हवा?" भगत म्हणाला. येत्या अवसेला तापल्या विळ्याने दोन्ही पोटऱ्यांना डाग द्यायचं ठरलं. दिवा मी धरायचा. शेवंती रडली नाही. एवढंच म्हणाली, "मग मला चालता येईल ना? लावणी तोंडावर आली."

अवसेच्या आदल्या दिवशी तिचा बाप भिवा सुक्या मासळीची टोपली घेऊन आला. सासूने पाण्याच्या तांब्याबरोबरच ऐकवलं, "भिवादादा, पोरीबरोबर भूतही आंदण दिलंत की." नि एकेक रात्र बोटांवर मोजून दाखवली.

भिवा टोपली खाली ठेवायचं विसरला. "विहीणबाई, ही भुताची वेळ नाही. ही भरतीची वेळ आहे."

आम्ही डोंगराकडची माणसं, आम्हाला काय कळतंय? त्याने सांगितलं, भरती दिवसातून दोनदा, नि रोज दोन घटका उशिरा येते; अष्टमीनंतर काही दिवस निजानीज व्हायच्या आधीच येऊन जाते. मिठागराच्या बांधात पाणी घ्यायचं दार असतं, ते उघडायला-लावायला भरतीला माणूस जागं लागतं. बायको वारल्यावर दिवटी धरायला शेवंतीच, सातव्या वर्षापासून. एकदा तिला डुलकी लागली, दार उघडं राहिलं, बांध फुटला, वर्षाचं मीठ वाहून गेलं.

"त्या रात्री मी तिला वल्ह्याने मारलं," भिवा म्हणाला. "पुन्हा कधी उठवावं लागलं नाही. मला वाटायचं, पोर गुणाची निघाली."

सासूने चुलीकडे पाहिलं. चुलीशी विळा घासून ठेवलेला होता. तो भिवानेही पाहिला. मी तर दिवा धरणार होते.

"मग ती निजायची कशी?" सासूने विचारलं.

"पाणी उतरू लागलं की मी सांगायचो, 'वळलं गो, नीज.' मग निजायची."

भगताला कोंबडा देऊन वाटेला लावलं. अवसेला मध्यरात्री शेवंती उठली, कडी काढली. सासू घोंगडी टाकून तिच्याशेजारी उंबऱ्यात जाऊन बसली. जन्मात खाडी न पाहिलेली बाई, समोर काळोखात भाताची खाचरं. दोघी ऐकत बसल्या. थोड्या वेळाने सासू म्हणाली, "वळलं गो पाणी. नीज."

शेवंतीने तिच्याकडे पाहिलं. "नाही, आत्याबाई. अजून घटकाभर तरी भरतंय."

"बरं," सासू म्हणाली. "मग बसते घटकाभर."