धुराचा खोकला

आमच्या घरात खोकला एकट्या वहिनीला होता आणि तो लपवण्याचं काम सगळ्यांना. कारण मी लग्नाची होते.

महाराष्ट्र नवा नवा झाला होता तेव्हाची गोष्ट. खामगावच्या डॉक्टरांनी वहिनीला क्षय सांगितला. रोज एक सुई, कित्येक महिने. सुया आमच्या जानेफळच्या दवाखान्यातही मिळत, घरापासून हाकेच्या अंतरावर. पण तिथं बाहेरच्या बाकावर बसावं लागे, आणि बाकावर कोण बसलंय ते अख्खा गाव बघे. माय वहिनीला म्हणाली, "पोरीचं लगन होऊ दे. मंग रोज नेतो तुले." तोवर खोकला धुराचा. कोणी विचारलं की माय ओल्या पऱ्हाट्यांच्या सरपणाला शिव्या घाली. लोकांना ते पटावं म्हणून वहिनीला दिवसभर चुलीपुढं बसवलं. क्षयाच्या बाईला धुरात! आजही माझं डोकं फिरतं.

वहिनी मात्र दिवस मोजत होती. "बाई, तुमचं झालं का माह्या सुया सुरू," असं हसून म्हणे. मला तिच्याकडे बघवत नसे.

धामणगाव बढ्याचे पाहुणे मला बघायला आले. मी पाटावर बसले आणि आत वहिनीला उबळ आली. होणाऱ्या सासूनं कान टवकारले. "कोण खोकलून राह्यलं?"

सगळे माझ्याकडे बघत होते. खरं बोलले असते तर लग्न मोडलं असतं, आणि लपवायला काही उरलं नसतं. वहिनी दुसऱ्या दिवशी त्या बाकावर जाऊन बसली असती. मी मान खाली घालून म्हणाले, "चुलीचा धूर हाये जी."

लग्न लागलं. मायनं शब्द पाळला, वहिनीला रोज दवाखान्यात नेलं. पण फार उशीर झाला होता. दिवाळीला माहेरी गेले तेव्हा चुलीपुढं माय बसलेली होती.

दोन वर्षांनी सासरी मला खोकला लागला, बारीक तापही येऊ लागला. नणंदेला तेव्हा स्थळं बघत होते. मी लाजलज्जा सोडून सासूबाईंना म्हणाले, "मले दवाखान्यात न्या."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग पाट चुलीजवळ सरकवला.

"काऊन? धूर तर हाये," त्या म्हणाल्या. "बस इथं."