चाखेरावांची जीभ

आमच्या हॉस्पिटलात त्यांना सगळे चाखेराव म्हणायचे. ते पाणी शुद्ध करायच्या टाकीवर, मी शेजारच्या बॉयलरवर, त्यामुळे त्यांचा तोरा रोज बघायचो. डायलिसिसला क्षारांचं जड पाणी चालत नाही. ते आधी टाकीतल्या बारीक पिवळ्या मण्यांमधून जातं. मणी पाण्यातले क्षार धरून ठेवतात, आणि दमले की त्यांना मिठाचं पाणी पाजून पुन्हा ताजं करावं लागतं. मग खारटपणा पार जाईपर्यंत साध्या पाण्याने धुवायचं. तो गेला का, हे तपासायला थेंबांची बाटली होती. पण चाखेराव बोटावर पाणी घ्यायचे, जिभेला लावायचे आणि म्हणायचे, "सोड." मग त्यांची मेहुणी व्हॉल्व फिरवून पाणी वर डायलिसिसला सोडायची. त्यांनीच शब्द टाकून तिला इथे लावलं होतं, आणि तिचा त्यांच्यावर डोळे झाकून विश्वास.

मध्ये ते तापाने पडले. उठले ते जिभेची चव गमावून. कोणाला पत्ता लागू दिला नाही. घरी बायको भाजीत मीठ विसरली तरी मुकाट जेवायचे, हे आम्हाला मागाहून कळलं. अहो, ताप कुणालाही येतो, त्यात लाजायचं काय? पण इतकी वर्षं जिभेवर मिरवलेला माणूस तो; बाटली हातात घेणं म्हणजे नाक कापल्यासारखं झालं असतं. ते नुसत्या अंदाजावर "सोड" म्हणू लागले.

एका सकाळी अंदाज फसला आणि खारट पाणी वर गेलं. वरची डायलिसिसची सगळी यंत्रं एकदम कोकलायला लागली आणि बंद पडली. माणसं अर्धवट उपचार घेऊन घरी निघाली. एका आजोबांना दोघांनी धरून गाडीत बसवलं, तेव्हाही त्यांची धाप थांबली नव्हती.

इंजिनियर साहेब तणतणत खाली आले. "व्हॉल्व कोणी सोडला?"

"मी," मेहुणी म्हणाली.

चाखेराव जमिनीकडे बघत उभे. माझं डोकंच फिरलं. सोड म्हणणारे हे, आणि आता मूग गिळून गप्प.

"उद्यापासून येऊ नकोस," साहेब तिला म्हणाले.

तिने मान डोलावली. "भाऊजींची जीभ चुकत नाही, साहेब. मीच घाई केली असेल."

चाखेरावांचे कान लाल झाले. ते मिठाच्या गोणीपाशी गेले, मूठभर खडे उचलून तोंडात कोंबले आणि आमच्यादेखत कराकरा चावू लागले.

"काही लागत नाही," ते म्हणाले. "ताप आला तेव्हापासून. तिने मी सांगितलं म्हणून सोडलं. माझी लाज राखायला गप्प बसलो."

मेहुणी चाखेरावांकडे बघत राहिली. रागावली असती तर बरं झालं असतं.

"मला विचारायचंत ना, भाऊजी," ती हळूच म्हणाली. "मला लागते की चव."

ते तसेच उभे राहिले, तोंडात मीठ घेऊन. थुंकायचीही लाज वाटत होती त्यांना.