खिडकीला हार

हसणार नसाल तर सांगतो. नाही, हसणारच तुम्ही. तेव्हा आधी कप खाली ठेवा.

धारवाडला मी पीएचडी करत होतो. विषय, केसाहूनही कितीतरी बारीक सिलिकॉनच्या तारा. त्यांचं एक टोक तापवायचं, दुसरं थंड ठेवायचं, की वीज तयार होते. अगदी चिमूटभर. ती वाढवायची एवढंच माझं काम, आणि ती मेली वाढेल तर शपथ. सरांनी बजावलं होतं, आकडा वाढल्याशिवाय थिसिस नाही. तिकडे हुबळीत आईनं मुलगी बघून ठेवलेली, आणि मुलीचे वडील म्हणत होते, आधी डॉक्टर होऊ दे.

तेवढ्यात खंडेनवमी आली. आमच्याकडे आयुधपूजेला लेथपासून स्कूटरपर्यंत सगळ्यांना हार पडतो, मग लॅबनंच काय घोडं मारलंय? तिथं काम करणाऱ्या शांताक्कानं माझ्या यंत्रालाही कुंकू लावलं. तारांवर कायम एक काळं खोकं झाकलेलं असे. त्यावर हार बसेना, म्हणून खोकं मीच काढून दिलं.

दसऱ्यानंतर ते परत ठेवायला गेलो, तर शांताक्कानं कानडीत अडवलं, "बेडरी! नको सर, हार वाळेपर्यंत हलवू नका."

नाही हलवला. यंत्र सुरू केलं आणि आकडा तिप्पट! आदल्याच आठवड्यात मी तारांवर नवा थर चढवला होता. झालं, माझी मान ताठ.

"पूजा पावली की हो," शांताक्का म्हणाली.

"अक्का, याला सायन्स म्हणतात."

काय तो माझा रुबाब. आईला फोन करून मुहूर्त बघायलासुद्धा सांगितलं.

सरांनी बाहेरून दोन प्राध्यापक बोलावले. छान ऊन पडलं होतं, आकडाही झकास. एकजण म्हणाले, स्क्रीनवर नीट दिसत नाही.

"एक मिनिट हं, सर," म्हणत मी ऐटीत गेलो आणि खिडकीचे पडदे ओढले.

आकडा धपकन खाली.

पडदा उघडला, वर. ओढला, खाली.

"काय करतोयस, गिरीश?" आमच्या सरांनी विचारलं.

"बघतोय, सर."

"आम्हीही बघतोय. छपरावरचं सोलर कशाचं असतं रे?"

"सिलिकॉनचं, सर."

"आणि ते काळं खोकं कशाला दिलं होतं?"

"ऊन लागू नये म्हणून."

पहिल्याच दिवशी शिकवलं होतं हो त्यांनी. माझी सगळी जादा वीज उन्हाची. नव्या थराचा तिच्याशी काडीचा संबंध नव्हता. मला जमीन दुभंगेल तर बरं असं झालं.

थिसिस लांबला. मुलीकडच्यांनी दुसरा डॉक्टर बघितला, दातांचा.

पुढच्या खंडेनवमीला मी अर्थातच तिथंच होतो. शांताक्का हार घेऊन आली, तर सर म्हणाले, "यंत्राला नंतर, अक्का. आधी खिडकीला घाला. याच्या संशोधनात राबली ती तीच."

खिडकी उंच होती. स्टूल मीच धरलं.