पावसाळ्यात घातलेलं डांबर

नोकरीतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत, पण ही घटना अजून जशीच्या तशी डोळ्यांसमोर येते. त्यात खून नव्हता की टोळी नव्हती. एका बंगल्याच्या फाटकापासून पोर्चपर्यंत जाणारा जुना डांबरी रस्ता होता.

मी तेव्हा नवी मुंबईतल्या एका ठाण्यात निरीक्षक होतो. पावसाळ्याचे दिवस. एके सकाळी शिरवणे गावाजवळ सर्व्हिस रोडवर एका मासे विकणाऱ्या बाईला गाडीने उडवलं आणि चालक निघून गेला. बाई गावातलीच, विधवा, घर तिच्यावरच चाललेलं. मांडीचं हाड मोडलं, डोक्याला मार बसला. ती शुद्धीवर नव्हती. पंचनाम्यात दोनच गोष्टी हाती लागल्या. बंपरचा चंदेरी तुकडा, आणि दुभाजकाच्या फुटलेल्या दगडापाशी सांडलेलं इंजिन ऑइल. दगडावर घासून गाडीची ऑइलची टाकी फुटली असणार. तेलाचा माग जवळच्या बंगल्यांच्या वसाहतीच्या दिशेने थोडा गेला आणि पावसात पुसला गेला. जवळचा कॅमेरा बंद होता. आसपासच्या गॅरेजवाल्यांकडे चौकशी केली, काही निष्पन्न झालं नाही.

मग एके दुपारी ठाणे अंमलदाराने फोन माझ्याकडे दिला.

“साहेब, भर पावसाळ्यात कोणी डांबर घालतं का?” एका बाईंचा आवाज होता. नाव सांगायला त्या तयार नव्हत्या, बंगल्याचा पत्ता मात्र त्यांनी दिला. “आमच्या समोरच्या बंगल्यात परवा घातलं. त्यांचा रस्ता कित्येक वर्षं उखडलेला आहे. दिवाळीनंतर करू, असं स्वतःच म्हणायचे. आणि आता जरा ऊन पडलं तेवढ्यात माणसं आणून उरकून टाकलं. त्यांची गाडीपण दिसत नाहीये.”

बाईंनी तर्क लढवले नव्हते, फक्त पाहिलेलं सांगितलं होतं. अशी खबर सहसा पोकळ नसते.

एका हवालदाराला घेऊन मी साध्या कपड्यांत गेलो. बंगल्यात निवृत्त वडील, मुलगा आणि सून राहत. फाटक मुलाने उघडलं. चाळिशीतला, चांगल्या नोकरीतला माणूस.

“गाडी कुठे आहे?”

“सर्व्हिसिंगला टाकलीय. करंजाड्याला.”

“एवढ्या लांब? इथे कोपऱ्याकोपऱ्यावर गॅरेज आहेत.”

“ओळखीचा आहे तो.”

तो बोलत असताना मी रस्ता पाहत होतो. सगळीकडे डांबर बरं बसलं होतं, पण पोर्चसमोर एक भाग फुगला होता. बुटाच्या टोकाने दाबला तर वरचा थर पापुद्र्यासारखा सुटून आला. खाली जुन्या डांबरात ऑइल मुरलेलं होतं. तेलावर नवा थर धरत नाही. मुलाने खाली पाहिलं. मी तिथेच पंच बोलावून नमुने घेतले. संध्याकाळपर्यंत करंजाड्याच्या गॅरेजमध्ये गाडी सापडली. आमच्याकडचा तुकडा तिच्या बंपरला नेमका बसला.

ठाण्यात मुलाने लगेच कबुली दिली. “मीच चालवत होतो. रस्त्यावरचं तेल धुवून जाईना, म्हणून डांबर घातलं.”

“बाई कुठे होती?”

“रस्ता ओलांडत होती. डोक्यावर पाटी होती.”

ती रस्त्याच्या कडेला बसली होती, पाटी पुढ्यात ठेवून, रिक्षाची वाट बघत. हे अपघाताच्या जरा आधी तिथून गेलेल्या एका रिक्षावाल्याने जबाबात सांगितलं होतं. मी मुलाचं म्हणणं खोडून काढलं नाही. चहा मागवला आणि विचारलं, “घरात अजून कोण गाडी चालवतं?”

तो काही सांगायच्या आत दारात एक म्हातारे गृहस्थ आले. भिंतीचा आधार घेत, चाचपडत.

“त्याला सोडा,” ते म्हणाले. “गाडी मी चालवत होतो.”

“बाबा, तुम्ही घरी जा.”

“गप्प बस तू.”

काचबिंदूने त्यांची नजर अधू झाली होती. गाडी चालवायची नाही, असं घरच्यांनी बजावलं होतं. तरी सकाळी सगळे झोपेत असताना ते गाडी काढून चक्कर मारून येत.

“मग थांबला का नाहीत?” मी विचारलं.

ते म्हणाले, “थांबलो असतो तर यांनी चावी काढून घेतली असती. ऑफिस सुटलं, बायको गेली. तेवढं एकच माझ्या हातात राहिलं होतं, साहेब.”

मुलगा रडू लागला.

दोघांवर गुन्हा दाखल झाला. वडिलांवर अपघाताचा, मुलावर पुरावा नष्ट केल्याचा. आरोपपत्र गेलं, पुढे कोर्टात शिक्षाही झाली.

बाई वाचली, पण पाय कायमचा आखूड झाला. तिचा जबाब घ्यायला मी रुग्णालयात गेलो, तेव्हा म्हाताऱ्याने सांगितलेलं कारण तिला सांगितलं.

“मी त्याला काय खाल्ला असता?” ती म्हणाली. “निसता थांबून माझे कडं बगला असता, तरी मना बरा वाटला असता. मी तथं परलेली, कोन येतंय काय बगत होते.”

मी जबाब पुरा केला, तिचा अंगठा घेतला आणि निघालो.

पळून जाणारा माणूस पोलिसांना भिऊन पळतो, असं मी तोवर धरून चालत असे. त्यानंतर मात्र ‘का पळालास’ हे विचारण्याआधी मी ‘घरी कोणाला भितोस’ असं विचारू लागलो. बऱ्याच वेळा समोरचा माणूस तिथेच खाली बसायचा आणि बोलू लागायचा.