जिताड्याची पत्रिका

भाईंदर पश्चिमेला त्या काळात कुणाला घरात मासे पाळायची हौस आली, की लोक त्याला आधी महिपत फिटरकडे धाडायचे. महिपत मासे विकत नव्हता. स्टेशनच्या अलीकडे एका लहानशा वर्कशॉपात तो फिटर होता. पण काचेच्या पेटीत कोण कोणाशेजारी नांदेल हे त्याच्याइतकं गावात कुणाला कळत नसे, निदान त्याची स्वतःची तरी तशी खात्री होती. कुणी येऊन विचारायचं, "महिपतभाऊ, एंजल आणलाय, त्याच्यासोबत काय सोडू?" यावर महिपत हातातला पाना खाली ठेवून असा विचारात पडायचा, की बघणाऱ्याला वाटावं याच्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरतंय.

तो सोयरीकच जुळवायचा म्हणा ना. स्वभाव तापट की थंड, पाणी कसलं मानवतं, एकटा राहतो की गोतावळा लागतो, सगळी चौकशी. आणि पहिला प्रश्न तोंडाचा. "ज्याच्या तोंडात दुसरा मावतो, ते दोघं एका घरात नांदत नाहीत," हे वाक्य तो इतक्यांदा म्हणायचा, की वर्कशॉपातली माणसं ते त्याच्याआधी म्हणून टाकायची.

ही अक्कल त्याला फुकट मिळाली नव्हती. सत्तर साली त्याने क्रॉफर्ड मार्केटातून पहिले मासे आणले, तेव्हा दुकानदार सांगत होता, "टायगर को एंजल के साथ मत रखो, बहुत बदमाश है." महिपतला वाटलं, हा आपल्या गळ्यात दुसरंच काही मारतोय. आठ दिवसांत टायगर बार्बने एंजलचे लांब पंख कुरतडून त्याची पार रया घालवली. मग कुणीतरी सांगितलं, टायगर एकटादुकटा ठेवला की टवाळखोर होतो, सहा-सात जण असले की आपापसांत भांडतात आणि बाकीच्यांना सुखाने जगू देतात. गोल्डफिश आणला, तो घाण फार करायचा, त्याला पाणीही गार लागायचं. तोही गेला. असं दीड वर्ष चुका करत करत महिपतची पेटी एकदाची शांत झाली. दोन एंजल, एक निळी गुरामी, काळ्या मोली, लाल प्लॅटी आणि गप्पींची लेकुरवाळी टोळी.

पेटी त्याने स्वतः बनवलेली. लोखंडी अँगलची फ्रेम, पुट्टीने बसवलेल्या काचा, लांबी तीन फूट. चाळीतल्या एका खोलीच्या संसारात ती आल्यावर माणसांना जागा उरली ती तिच्या मेहेरबानीने. त्याची बायको सुलू सुरुवातीला फणकारायची, "मी नळावर भांडून पाणी आणायचं आणि यांच्या माशांनी त्यात पोहायचं." फणकारायची आणि पाणी आणायची.

नवराबायको दोघंही मूळचे पेणकडच्या खारेपाटातले, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातले. पण महिपतचं गावाशी नातं नावापुरतंच. आठव्या वर्षी बाप गेला आणि मामाने त्याला भाईंदरला आणलं, तेव्हापासून गाव म्हणजे लग्नकार्याला जायची जागा. सुलू मात्र तिथेच वाढलेली. तिचे वडील धर्माजी अजून तिकडे भातशेती करत होते.

लग्नाला सहा वर्षं झाली होती. सुलूचं दोनदा पडलं होतं, एकदा तिसऱ्या महिन्यात, एकदा पाचव्या. त्र्याहत्तर साली तिसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवून दम दिला. खाटेवरून उठायचं नाही, बादली उचलायची नाही, आणि सगळ्यात महत्त्वाचं, जिवाला घोर लावून घ्यायचा नाही. पहिल्या दोन गोष्टी महिपतच्या हातातल्या होत्या. तो पहाटे उठून पाणी भरायला लागला, भाकऱ्या थापायला शिकला. तिसऱ्या गोष्टीसाठी त्याने एवढंच केलं, की सुलूची खाट ओढून पेटीसमोर आणली.

दिवसभर पडून पडून सुलूला माशांचा लळा लागला. तिने त्यांची नावं ठेवली. एका गप्पीला लंगडा, थोराड एंजलला मामलेदार, आणि एका भडक लाल प्लॅटीला कुंकू. महिपत घरी आला की त्याला दिवसभराच्या बातम्या मिळायच्या, कोण कुणाच्या मागे लागलं, कोण रुसून कोपऱ्यात बसलं.

शेजारच्या कमळाबाई रत्नागिरीकडच्या, मनाने फार चांगल्या. दुपारी येऊन सुलूजवळ बसायच्या. एकदा त्या म्हणाल्या, "मुका जीव घरात असावा गं. घरावर काही येणार असलं ना, तर तो अंगावर घेतो. माझे दीर टायफॉइडने आज जातात की उद्या, असं झालं होतं. आमचा पोपट गेला आणि तिसऱ्या दिवशी दीर उठून पेज मागायला लागले." सुलूला ऐकून बरं वाटलं. पेटीत वीस-बावीस मुके जीव होते. एवढी मोठी राखण कुणाच्या पोराला मिळते, असं ती महिपतला म्हणालीही.

श्रावणात धर्माजी लेकीला बघायला आले. एका हातात तांदळाची पिशवी, दुसऱ्या हातात अॅल्युमिनियमची किटली. किटलीत पाणी, आणि पाण्यात बोटाएवढं एक करडं-चंदेरी पिल्लू. ते जिताड्याचं होतं. जिताडा म्हणजे खारेपाटातला मानाचा मासा. पावसाळ्यात खाडीतून पिल्लं येतात, लोक ती पकडून दारच्या तळ्यात सोडतात, आणि गोड्या पाण्यात ती मजेत वाढतात. जावई घरी आला की तळ्यातून जिताडा काढायचा, आणि तो ताटात नसला तर जावयाने मनात अढी धरायची, अशी तिकडची रीत.

"तुमच्या घरान तलं हाय," धर्माजी पेटीकडे बोट करून म्हणाले, "मंग जिताड्याबिगर कसा चालंल, जावईबापू? सुलूची सुटका होईल तवर ह्यो मोटा होईल. बालंतिनीला कालवन करा."

आणि एरवी साध्या गप्पीलाही चौकशीशिवाय घरात न घेणाऱ्या महिपतने किटली सरळ पेटीत ओतली. सासऱ्याने दिलेल्या आहेराची पत्रिका कोण बघतं? शिवाय त्याने जिताडा पाहिला होता तो फक्त कालवणात, आणि कालवणातला जिताडा कुणाच्या वाटेला जात नाही. पिल्लूही मोठं गरीब दिसत होतं. ते दगडामागे गेलं आणि तिथेच उभं राहिलं. दिवसा त्याचं दर्शन दुर्मीळ, त्यामुळे सुलूनेही त्याला नाव ठेवलं नाही.

भाद्रपदात गप्पी कमी व्हायला लागले. महिपतला वाटलं, उड्या मारून बाहेर पडत असतील. त्याने पेटीवर जाळी बसवली. तरी लंगडा दिसेना. मग त्याने कमळाबाईंच्या मांजरावर संशय घेतला आणि जाळीवर वीट ठेवली. मग पाण्यावर संशय घेतला. हल्ली तो विहिरीचं भरायचा ते बंद केलं, नळाचं पाणी दोन दिवस शिळं करून घातलं, चिमूटभर मीठ टाकून पाहिलं. नवल एकाच गोष्टीचं होतं. मेलेला मासा वर तरंगतो, पण इथे मढं म्हणून सापडत नव्हतं.

आश्विनातल्या एका संध्याकाळी सुलू म्हणाली, "गप्पी कमी दिसतायत."

"झाडीत लपले असतील."

तिने बोटाने उरलेले मोजले. मग पेटीकडे बघतच म्हणाली, "कमळाकाकी म्हणतात तसे ते आपल्यावरचं अंगावर घेतायत. पण अहो, घेणारेच संपले तर पुढं काय?"

महिपत हसला. "कमळाकाकींच्या पोपटाला म्हातारपण आलेलं, एवढंच," असं काहीतरी बोलला. पण रात्रीची भाकरी त्याने तशीच ताटात ठेवली. त्याचा शकुन-अपशकुनावर विश्वास नव्हता. सुलूचा होता, आणि पोट सुलूचं होतं. पाचवा महिना लागला होता. मागच्या वेळी याच महिन्यात घात झाला होता. पेटी एकेक करून रिकामी होताना ती खाटेवर पडून रोज बघणार, आणि डॉक्टरीणबाई सांगत होत्या घोर लावून घेऊ नका. त्याला स्वतःची भयंकर चीड आली. ती पेटी समोर आणली कुणी, तर त्यानेच.

मग त्याने एक उद्योग सुरू केला. शनिवारी अर्ध्या दिवसाची सुट्टी झाली की क्रॉफर्ड मार्केट गाठायचं, गेलेल्या माशासारखा हुबेहूब मासा शोधायचा, आणि सुलूचा डोळा लागला की गुपचूप पेटीत सोडायचा. तो दुकानदार आता त्याला बघून हसायचा. "फिर गप्पी? क्या करते हो, खाते हो क्या?"

मार्गशीर्षात कुंकू गेली. सवाष्णीच्या घरातून त्या नावाचा मासा जावा, म्हणजे सुलू काय काय मनात आणील. तीन दुकानं पालथी घालून त्याने तसलीच भडक लाल प्लॅटी मिळवली. दुसऱ्या दिवशी सुलूने तिच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "आज कुंकू खुशीत आहे." महिपतने सुटकेचा श्वास टाकला आणि चहा ठेवायला वळला.

पौषात, आठवा सरत असताना, धर्माजी पुन्हा आले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण डॉक्टरीणबाईंनी प्रवासाला साफ नकार दिलेला, म्हणून माहेरच सामानसुमान पोचवायला लेकीकडे आलं होतं. चहा होईपर्यंत धर्माजी पेटीसमोर उकिडवे बसले. दगडामागून एक चांगला वीतभर मासा डोकं काढून उभा होता.

"वा," धर्माजी खूश होऊन म्हणाले. "चारा बरा घालता, जावईबापू."

"कसला चारा?"

"ही बारकी मासली. आमच्याकरं पन तल्यान सोरतान, पन अशी रंगीत न्हाय. तुमी आदीच चारा सोरून ठेवलेला, म्हून तं मी पिल्लू आनला."

महिपतच्या हातात चहाचं भांडं होतं ते हातातच राहिलं. त्याच वेळी एक गप्पी, त्याने परवाच आणलेला, हिंडत हिंडत दगडापाशी गेला. पाण्यात चुटकी वाजावी तसा आवाज झाला. गप्पी नव्हता. जिताडा पहिल्यासारखाच गरीब चेहरा करून उभा होता.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो हा. मांजर झालं, विहीर झाली, मीठ झालं, आणि दर शनिवारी हा गृहस्थ सासऱ्याच्या जिताड्याला मुंबईहून ताजा खुराक आणत होता. ज्याच्या तोंडात दुसरा मावतो ते वाक्य अख्ख्या भाईंदरला ऐकवणाऱ्या माणसाने पाच महिन्यांत एकदाही त्या माशाच्या तोंडाकडे पाहिलं नव्हतं. जुन्यांपैकी एंजल आणि गुरामी तेवढी वाचली होती, कारण त्यांची अंगं रुंद होती.

महिपतने घाबरत घाबरत खाटेकडे पाहिलं. सुलूने सगळं पाहिलं होतं, सगळं ऐकलं होतं. ती उशीला टेकून बसली आणि हसायला लागली. पोटाला दोन्ही हातांनी धरून ती इतकी हसली, की धर्माजी घाबरून उठले. "सुलू, हलू नको गं." हसता हसता ती रडायला लागली, मग पुन्हा हसली. कमळाबाई धावत दारात आल्या. त्यांना काही कळेना, पण एवढ्या महिन्यांनी ही पोर हसतेय म्हणून त्याही हसायला लागल्या.

"कुंकूपण यानेच?" सुलूने पदराने डोळे पुसत विचारलं.

"यानेच," महिपत मान खाली घालून म्हणाला.

"पहिली का दुसरी?"

महिपतने मान वर केली. "तुला कळलं होतं?"

"दुसरीच्या शेपटीला काळा ठिपका आहे. आणि लंगड्याच्या जागी आणलेला नीट पोहायचा." ती म्हणाली, "तुमचं तोंड एवढंसं झालेलं. म्हटलं, माझ्या भीतीत यांच्या भीतीची भर कशाला."

म्हणजे एका खोलीत, एका पेटीसमोर, दोन माणसं चार महिने एकमेकांपासून लपून घाबरत बसली होती. महिपतला लाज वाटली, आणि बायकोविषयी इतकी माया दाटली की ती सासऱ्यासमोर दाखवणं अवघड झालं. तो उगाच पेटीची जाळी काढायला लागला.

जिताडा कापायला सुलूने परवानगी दिली नाही. पोटुशीच्या घरात जीव घ्यायचा नाही, असं तिने बापाला बजावलं. कमळाबाईंनी दुधाची मोठी बरणी दिली, आणि धर्माजी मानाचा मासा घेऊन, माणसांनी चाऱ्याची नावं ठेवल्याचं नवल करत, आल्या वाटेने गावच्या तळ्याकडे निघाले.

फाल्गुनात सुलूला मुलगी झाली, पुऱ्या दिवसांची आणि खणखणीत आवाजाची. पण महिपतला विचाराल तर त्यांची सुटका झाली ती त्या पौषातल्या दुपारीच. सासऱ्यांना पोचवून तो घरी आला, तेव्हा सुलू शांत पडून होती. मोजके उरलेले मासे पेटीभर मोकळे हिंडत होते.

"अहो," ती म्हणाली, "म्हणजे माशांनी आपलं काहीच अंगावर घेतलं नव्हतं?"

"काही नाही. ते आपले जिताड्याच्या पोटात गेले."

"कुणीच राखण करत नव्हतं?"

"कुणीच नाही."

सुलूने पोटावर हात ठेवला आणि नवल वाटावं तसं बघत राहिली.

"मग हे एवढे महिने," ती म्हणाली, "माझं पोर आपल्याच जोरावर टिकलंय."