दीड सेंटिमीटर

रेफ्रीने आपली पट्टी नेटच्या मधोमध उभी केली, निरखून पाहिलं आणि मान हलवली. नेट दीड सेंटिमीटर उंच होतं. आशियातल्या अठरा वर्षांखालच्या मुलांची स्पर्धा आपल्या नागपुरात, पहिली मॅच अर्ध्या तासावर, आणि नेट मी लावलेलं.

व्हॉलीबॉलमध्ये पुरुषांचं नेट मधोमध दोन मीटर त्रेचाळीस सेंटिमीटर लागतं. खांबाला हँडल असतं. ते फिरवलं की दोरी ताणते आणि मधला भाग वर येतो. हँडल माझा मदतनीस विलास फिरवायचा, मी काठी धरून ‘बस’ म्हणायचो. काठी माझी, सागाची. तिच्यावर दोन त्रेचाळीसची लाल खूण आहे, बायकोच्या नेलपॉलिशची. मी चौथी शिकलेला, टेपवरच्या बारीक रेघा मला समजत नाहीत. तिनेच मोजून खूण करून दिली होती. इतकी वर्षं ती खूण चुकली नाही.

सकाळी सरावाला आलेली मुलं सारखी नेटकडे बोट दाखवत होती. विलास म्हणाला, "काका, एकदा टेपनं पाहून घेऊ ना."

"तू मले शिकवून राहिला का गा? तुह्या जन्माच्या आधीपासून नेट लावतो मी."

त्याने टेप खिशात घातला.

आता स्टेडियमचे साहेब धावत आले. "कोणी लावलं हे?"

मी म्हणालो, "विलासनं हँडल जास्त फिरवलं."

विलासने माझ्याकडे पाहिलं. साहेबांनी त्याच्या गळ्यातलं कार्ड काढून घेतलं. ही स्पर्धा नीट झाली तर तुला स्टेडियमवर कायम करतो, असं त्यांनीच त्याला सांगितलं होतं. दोरी सैल करून नेट खाली घेतलं, मॅच वेळेवर सुरू झाली. विलास बाहेर गेला.

मॅच संपल्यावर काठी स्टोअरमध्ये भिंतीला टेकवली. एरवी ती फरशीवर घसरते. त्या दिवशी घसरली नाही. खाली पाहिलं तर टोकाला रबराचं बूच. माझ्या बायकोच्या चालायच्या काठीचं. धंतोलीच्या दवाखान्यात शेवटपर्यंत ती काठी तिच्याजवळ होती. ती गेल्यावर, स्पर्धेच्या आठवडाभर आधी, ते बूच मीच काढून माझ्या काठीला बसवलं. नव्या मॅटला ओरखडे पडू नयेत म्हणून, असं मनाशी म्हणालो होतो. खरं म्हणजे तिचं काहीतरी हातात हवं होतं. त्या रबराने खूण दीड सेंटिमीटर वर गेली होती.

तेव्हाच साहेबांकडे जायला पाहिजे होतं. तिसऱ्या दिवशी गेलो आणि खरं सांगितलं.

"त्याच्या जागी दुसरा माणूस घेतला मी," साहेब म्हणाले. "तीन दिवस कुठे होता?"

मग नंदनवन वस्तीत विलासच्या घरी गेलो. रबर त्याच्यापुढे धरलं. तो म्हणाला, "मी सकाळीच पाहिलं होतं, काका."

"मंग सांगतलं काहून नाही गा?"

"काकूचं होतं ना ते. काढा म्हणून कसं सांगू? म्हणून टेप म्हटलं."

"अन् साहेबापुढं?"

"तिथं तुमी खरं बोलसान वाटलं."

त्याने चहा दिला.

विलास आता संत्र्याच्या गाड्या भरतो. रबर मी तिच्या काठीला परत बसवलं. नेट लावायच्या आधी काठी मोजून घ्यावी, एवढं या कामात शिकलो. त्यासाठी टेप वाचता यावा लागतो. चूक माझी आहे म्हणायला तर चौथीही लागत नव्हती.