त्या सकाळी परत जाता येतं का

माझी थोरली बहीण नाचणगावला दिली. घरची शेती, दोन म्हशी, एक मुलगी आणि एक मुलगा. मुलगी मोठी, ती लग्न होऊन अमरावतीकडे गेली. मी वर्ध्याला ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतो आणि नालवाडीत राहतो. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेला मीच पहिला. म्हणून ताईनं फार पूर्वीच ठरवून टाकलं होतं की जे कोणालाच येत नाही ते मला येतं. म्हशीनं दूध का चोरलं, टीव्हीवर मुंग्या का येतात, सातबाऱ्यावर नाव चुकलं तर कुठे जायचं, सगळं ती मला विचारायची. मला माहीत नसलं तर मी चार लोकांना विचारून तिला सांगायचो. तिच्या प्रश्नाला उत्तर मिळालं नाही असं कधी झालं नव्हतं.

मागच्या हिवाळ्यात तिचा मुलगा गेला.

पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षाला होता. बारावीचं वर्षभर तो आमच्याकडेच राहिला. माझ्याच वर्गात बसायचा आणि बरेचदा माझ्याच वर्गात झोपायचा. घरी आल्यावर मी रागावलो की म्हणायचा, "मामा, तुमचा आवाज आयकला का मले लय शांत झोप येते." असा मुलगा. पुढे तो नाचणगावहून रोज मोटरसायकलनं वर्ध्याला ये-जा करू लागला. त्या सकाळी देवळीच्या पुढे कापसाची ट्रॉली घेऊन एक ट्रॅक्टर शेताच्या रस्त्यावरून हायवेवर चढत होता. धुकं होतं. मी दवाखान्यात पोचलो तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

तो ट्रॅक्टरवाला शेतकरीच होता, जवळच्याच गावचा. तेरवीला आला आणि मांडवाच्या मागे उभा राहिला. कोणी त्याला बस म्हटलं नाही, कोणी जा म्हटलं नाही. पंगती उठल्या तसा तो निघून गेला.

त्यानंतर मी दर रविवारी नाचणगावला जाऊ लागलो. जाऊन काय करायचं हे ठाऊक नव्हतं. बसायचो, चहा घ्यायचो, भाऊजींबरोबर शेतात जाऊन यायचो. ताई सुरुवातीला बोलायचीच नाही. एका रविवारी ती अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मीही शेजारी बसून सोलू लागलो. बऱ्याच वेळानं तिनं, माझ्याकडे न बघता, त्या सकाळचं सांगायला सुरुवात केली.

"तो गाडी घेऊन निंघाला होता. कोपऱ्यापर्यंत पोचला होता. मले ओट्यावर डबा दिसला. मी धावत गेली न् आवाज देला, अरे, डबा राह्यला. तो पलटून आला. डबा घेतला. मंग म्हणे, आलोच आहो तर पाणी दे. मी पाणी देलं. मंग गेला."

शेंगा सोलणं चालूच होतं.

"भाऊ, मी आवाज नसता देला, तर तो ट्रॅक्टर येच्या आंधी तिथून निंघून गेला असता ना?"

रोज पोरांना वेगाची आणि अंतराची गणितं घालणारा माणूस मी. नको नको म्हणत असताना डोक्यात हिशोब होऊन गेला आणि उत्तर आलं, हो, गेला असता. मी म्हणालो, "ताई, असं कोणालाच सांगता येत नाही."

"तुले येते," ती म्हणाली.

तिनं लुगड्याला हात पुसून कमरेचा मोबाईल काढला आणि माझ्यासमोर धरला. कोट घातलेला एक माणूस हिंदीत सांगत होता की काळात मागे जाणं शक्य आहे, शास्त्रज्ञ त्याच्या अगदी जवळ पोचले आहेत. मागे ग्रह फिरत होते, संगीत वाजत होतं. ताईनं तो पूर्ण संपू दिला.

"हे खरं आहे का?"

"नाही."

"तू तर वेळेचं शिकवतो ना कॉलेजात?"

शिकवतो. फळ्यावर आडवी रेघ ओढतो आणि म्हणतो, या अक्षावर काळ घ्या. त्या रेघेवर डावीकडे जाता येतं, उजवीकडे जाता येतं. आमच्या बऱ्याचशा समीकरणांना तर काळ पुढे चाललाय की मागे, याचा पत्ताच नसतो. हे तिला सांगणं शक्य नव्हतं. मी सोपं काहीतरी शोधलं. म्हटलं, "हे बघ, दुधाचं दही झालं की पुन्हा दूध होत नाही. सगळं एकाच बाजूनं जातं."

"ते मले मालूम आहे रे," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, पण मी तिला लहान मुलासारखं समजावतोय हे तिला कळलं होतं. "मले लय मागं नाई जा लागत. फक्त डब्यापर्यंत. मी आवाज नाई देत. पोरगा उपाशी राहीन एक दिवस, नाई तर कॅन्टीनमंदी काही खाईन. बस, इतकंच."

मी तिला म्हटलं, समज तू गेलीस आणि आवाज दिला नाहीस. मग तो वाचला. संध्याकाळी घरी आला. मग तुला मागे जायची गरजच पडली नाही. मग मागे गेलं कोण? आम्हा लोकांना हा युक्तिवाद फार आवडतो. वर्गात सांगितला की पोरं एकमेकांकडे बघून हसतात.

ताईनं हातातली शेंग तशीच धरून थोडा वेळ विचार केला. मग म्हणाली, "तो घरी आला तर मले कायले जा लागते मागं? बरोबर आहे. मंग नाई जात मी."

आणि पुन्हा सोलू लागली. जणू प्रश्न सुटला.

तो सुटला नव्हता. पुढच्या प्रत्येक रविवारी ती आणखी थोडं मागे गेलेली असायची. डबा नको, म्हणाली एकदा, गाडी घेतली तो दिवसच नको. भाऊजींनी एसटीच्या पासवर राहू दे म्हटलं होतं, तिनंच हट्ट धरून गाडी घ्यायला लावली होती. नंतर म्हणाली, पॉलिटेक्निकला नंबर लागला तो दिवस नको. त्याच्या आधीचं वर्ष, तो आमच्याकडे राहायला आला, तेही नको. मग म्हणाली, लहानपणी त्याला सायकल शिकवली नसती तर गाडीची हौस लागली नसती. मी ऐकत राहायचो. हे कुठे जाऊन थांबणार, मला कळत नव्हतं. ते तिचं तिलाच कळलं. एका दुपारी ती म्हणाली, "मी तर माह्या लग्नापर्यंत जाऊन आली रे भाऊ. त्याच्याहून मागं गेली तर पोरगा होतच नाई."

 

मार्चमध्ये कधीतरी मी शनिवारीच गेलो आणि मुक्कामाला राहिलो. दिवेलागण झाली होती. घरात उकडत होतं म्हणून आम्ही दोघं स्लॅबवर जाऊन बसलो. दक्षिणेला एक ठळक तारा दिसत होता. काहीतरी बोलायचं म्हणून मी तो तिला दाखवला. म्हटलं, याला व्याध म्हणतात. याचा उजेड इथे यायला आठ-साडेआठ वर्षं लागतात. आत्ता आपण बघतोय तो तेव्हा निघालेला उजेड. म्हणजे आपण जुना तारा बघतोय.

मला खरंच फक्त विषय बदलायचा होता.

ती बराच वेळ वर बघत होती. "आठ वर्षांआंधी पोरगा सहावीत होता," ती म्हणाली. मग, "म्हणजे तिथून कोणी इकडं पाह्यलं, तर त्याले आठ वर्षांआंधीचं दिसन?"

"हो. कोणी असेल आणि तितकी चांगली दुर्बीण असेल तर."

"म्हणजे त्याले तो शाळेत जाताना दिसन."

"दिसेल."

"आता? या टायमाले?"

"हो, ताई."

"न् ती सकाळ?"

मला थांबायला हवं होतं की नाही, मला आजही ठरवता येत नाही. तिनं मला आयुष्यभर खरं काय ते विचारलं होतं आणि मी खरं तेच सांगत आलो होतो. मी म्हणालो, "ती सकाळ अजून तिथे पोचली नाही. वाटेत आहे."

"वाटेत आहे," ती म्हणाली. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, "म्हणजे तिथं कोणालेच मालूम नाई अजून."

त्या दिवशी ती दोन घास जास्त जेवली. भाऊजींच्याही ते लक्षात आलं आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, चला, काहीतरी हाताला लागलं.

पंधरा दिवसांनी भाऊजी मला गोठ्याकडे घेऊन गेले. ते माझ्याहून बरेच मोठे, कमी बोलणारे. मला मास्तर म्हणतात. म्हशीच्या पाठीवर हात ठेवून ते म्हणाले, "मास्तर, तिले तुमी आता काही सांगत नका जाऊ."

"काय झालं?"

"ती रोज दिवस बुडाला का वर जाऊन बसते. चुलीवरचं तसंच राहते. शेजारपाजारच्या बायांना सांगते का माहा पोरगा शाळेत जाऊन राह्यला. बाया मले येऊन सांगतात. डोकं फिरलं म्हणतात तिचं."

मी म्हणालो, "भाऊजी, मी खोटं सांगितलं नव्हतं."

"खरंच असन. तुमी शिकलेले आहा. पण खऱ्याचं मी काय करू, सांगा मले."

ते म्हशीच्या पाठीवरची वाळलेली शेणाची पापडी नखानं काढत राहिले. मग हळूच, माझ्याकडे न बघता, त्यांनी विचारलं, "खरंच दिसते का तसं? तिथून?"

"हो. दिसू शकतं."

"कोणता तारा होय तो?"

दुपार होती. वर बघवत नव्हतं इतकं ऊन. मी दक्षिणेकडे हात केला आणि म्हटलं, "आत्ता नाही दिसणार. संध्याकाळी दाखवतो."

"रायू द्या," ते म्हणाले आणि कडबा टाकायला गेले.

मी सांगायचं बंद केलं. ताईनं विचारणं मात्र बंद केलं नव्हतं. एप्रिलमध्ये एकदा फोनवर म्हणाली, मागे जाता येत नाही ते समजलं, पुढे तरी जाता येतं का? मी खूप वेळ टाळाटाळ केली. शेवटी सांगितलं की पुढे जाता येतं. अतिशय वेगानं दूर जाऊन परत आलेल्या माणसाचा वेळ कमी सरतो. तो परत येतो तेव्हा इथल्या लोकांची कितीतरी वर्षं उलटून गेलेली असतात. हे अगदी पक्कं आहे, प्रयोगानं सिद्ध झालेलं आहे. तेवढा वेग माणसाला अजून जमत नाही, एवढंच.

फोनमध्ये मागे म्हशीचं हंबरणं ऐकू येत होतं.

"पुढं जाऊन काय करू?" ती म्हणाली. "तिथं तर तो अजून लांब असन. मी तशीच त्याच्यापासून दूर जाऊन राह्यली रोज. न जाता जाऊन राह्यली."

मी फोन ठेवल्यावर बायकोनं विचारलं, काय म्हणत होत्या ताई? मी म्हटलं, काही नाही, म्हशीचं. तिनं माझ्यासमोर चहा ठेवला आणि तो निवेपर्यंत मी तिथेच बसून होतो. मी इतकी वर्षं काळ शिकवतो आणि तो कसा मोजायचा एवढंच मला येतं. तो माणसाला कसा आपल्याजवळून ओढून नेतो, आणि तो ओढत असताना धरायचं कशाला, यावर माझ्याकडे सांगण्यासारखं काहीही नव्हतं. बाजारात, ओळखीत, पुस्तकांत विचारून सांगावं अशी ती गोष्टही नव्हती.

हळूहळू ताईचं स्लॅबवर जाणं कमी झालं. कशानं ते मला सांगता येणार नाही. कदाचित ऊन वाढलं म्हणून. कदाचित लेक बाळंतपणासाठी येणार होती, तिच्यासाठी डिंक, खोबरं, गोधड्या असं सगळं करायचं होतं म्हणून. ती कामाला लागली. भाऊजी म्हणाले, बरं झालं. मला ते बरं वाटलंही आणि वाटलं नाहीही.

अक्षय तृतीयेला मला बोलावणं आलं. आमच्याकडे त्या दिवशी घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावानं नवी घागर भरतात आणि त्यांच्या नावानं कोणाला तरी जेवू घालतात. आजवर ताईच्या घरी सासू-सासऱ्यांच्या दोन घागरी भरायच्या. या वर्षी त्यांच्याशेजारी तिसरी होती, जरा लहान. तिच्यावर आंबा ठेवलेला होता. भाऊजींना तिच्याकडे बघवत नव्हतं, ते सारखे आत-बाहेर करत होते.

मुलाच्या नावानं जेवायला त्याच्याच वयाचं कोणी बसवायचं असं ठरलं होतं. पण त्याचे मित्र कोणी पुण्याला, कोणी परीक्षेत. कोणीच आलं नाही. एक म्हाताऱ्या चुलत सासूबाई म्हणाल्या, शेजारचं कोणतंही पोर बसवा. ताई म्हणाली, "नाई. भाऊ बसन."

"मामा कसा बसन त्याच्या नावानं?" सासूबाई म्हणाल्या.

"बसू द्या," ताई म्हणाली आणि पाट माझ्यासमोर सरकवला. "बस भाऊ."

मी बसलो. तिनं पुरणपोळी वाढली, वर तूप सोडलं. आमरस, कुरडया, चिंचवणी, सगळं त्याच्या आवडीनं केलेलं होतं. मी जेवू लागलो तशी ती समोर, भिंतीला टेकून बसली आणि माझ्या हाताकडे बघत राहिली. माझा हात थांबला की ती पुढे होऊन वाढायची. तिसरी पोळी संपली तेव्हा मी ताटावर हात आडवा धरला. तिनं तो अलगद बाजूला केला आणि चौथी वाढली.

मी तीही खाल्ली.